घाटातला दगड आणि व्हॅनिलाचे फूल

पावसाळा सरत आला की शाळांच्या सहली निघू लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीबरोबर आम्ही कसारा घाटात गेलो होतो. नववीच्या मुलामुलींना रस्त्याच्या कडेचा कापलेला डोंगर दाखवून आमची नेहमीची माहिती सांगणे चालू होते. हा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, तो लाव्हा थिजून बनला, एकावर एक थर साचत गेले आणि पुढे त्यांची झीज होऊन या पायऱ्या दिसू लागल्या, वगैरे. मुले वहीत उतरवून घेत होती. एक मुलगी मात्र काहीच लिहीत नव्हती. तिने विचारले, "सर, एवढा लाव्हा आला, मग त्या ज्वालामुखीचे तोंड कुठे आहे?"

या प्रश्नाचे तयार उत्तर आमच्याजवळ होते. दख्खनचा लाव्हा शंकूसारख्या डोंगराच्या शेंड्यातून आलेला नाही, तो जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला, आणि त्या भेगांत थिजलेला दगड आजही भिंतींसारखा उभा दिसतो. तिचे समाधान झाले नाही. "भेगा बुजल्या हे कळले. पण खाली जी आग होती तिचे काय झाले? ती विझली का?"

विझलेली नाही. ती आज मुंबईपासून सुमारे पावणेपाच हजार किलोमीटर दूर, नैर्ऋत्येकडे, हिंदी महासागरातील एका बेटाखाली आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्या बेटाचे नाव रियुनियन. आम्ही तिला एवढेच सांगितले आणि बस सुटायची वेळ झाली. तिचे पुरे उत्तर द्यायचे राहून गेले, ते येथे देत आहोत. ते देताना विषय दगडावरून माणसांवर जाणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम दगडाविषयी. दख्खनच्या पठारावर आज जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशात हा बेसाल्ट पसरलेला आहे. त्याचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे असून त्यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. आता लाव्हा थिजताना एक मजेची गोष्ट घडते. त्यात लोहयुक्त खनिजांचे बारीक कण असतात. ते थंड होताना त्या जागेच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात. विषुववृत्तावर टांगलेली चुंबकसूची आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावे तशी ती कलत जाते, हे आपण शिकवतोच. म्हणजे दगडातला कल मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर जन्मला ते काढता येते. १९५० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील क्लेग आणि त्यांचे सहकारी, तसेच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या दगडांवर अशी मोजमापे केली. उत्तर चकित करणारे होते. आज उत्तर गोलार्धात १५ ते २२ अंशांवर असलेला हा दगड दक्षिण गोलार्धात, ३० अंशांच्या आसपास, थिजलेला होता. त्या वेळी खंड सरकतात हे मानायला पुष्कळ भूशास्त्रज्ञ तयार नव्हते. आपल्या घाटातल्या दगडाने त्या वादात साक्ष दिली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात यायला हवी होती असे आम्हाला नेहमी वाटत आले आहे.

पुढचा धागा हवाई बेटांवरून आला. १९६३ साली कॅनडाचे भूशास्त्रज्ञ ट्यूझो विल्सन यांनी सुचवले की, भूकवचाखाली काही ठिकाणी उष्णतेचा स्रोत एका जागी टिकून असतो आणि त्यावरून समुद्रतळ सरकत राहतो. मेणबत्तीवरून कागद हळूहळू ओढत नेला तर कागदावर डागांची एक रांग उमटेल. बेटांची रांग तशीच उमटते. या जागांना हॉट स्पॉट म्हणतात. नकाशा काढून दख्खनच्या दक्षिणेला पाहा. लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची आणि पाण्याखालच्या कड्यांची एक सरळ रांग दक्षिणेकडे जाते. मग एक तुटक जागा येते, आणि तिच्या पलीकडे मस्कारीन पठार, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन.

१९८७ साली 'जॉयडिस रिझोल्यूशन' या खोदकामाच्या जहाजाने या रांगेवर समुद्रतळात भोके पाडली आणि खालचा बेसाल्ट वर काढला. मालदीवजवळच्या बेसाल्टचे वय सुमारे ५.७ कोटी वर्षे निघाले, चागोसजवळचे ४.९ कोटी, मस्कारीन पठारावरचे ३.३ कोटी. मॉरिशसचा सर्वांत जुना लाव्हा ८० ते ९० लाख वर्षांचा आहे, आणि रियुनियनचा जमिनीवर दिसणारा सर्वांत जुना दगड जेमतेम २० लाख वर्षांचा. उत्तरेकडून दक्षिणेकडे वय कसे उतरत जाते ते पाहा.

येथे वर्गात करण्याजोगे एक गणित आहे. इगतपुरीच्या परिसरापासून मालदीवजवळच्या त्या भोकापर्यंतचे अंतर सुमारे १,६०० किलोमीटर आहे आणि वयांतला फरक ९० लाख वर्षे. भागाकार केला तर वर्षाला १७-१८ सेंटिमीटर येतात. भारताचा भूपट्ट त्या काळी एवढ्या वेगाने उत्तरेकडे धावत होता. आज हा वेग सुमारे ५ सेंटिमीटर आहे. आता मॉरिशस आणि रियुनियन घ्या. अंतर सुमारे २०० किलोमीटर, वयातला फरक ६५ लाख वर्षांच्या आसपास. उत्तर येते वर्षाला ३ सेंटिमीटर. एकच हॉट स्पॉट, मग वेग निराळे का? कारण मधल्या काळात, साधारण साडेतीन कोटी वर्षांपूर्वी, समुद्रतळ दुभंगणारी मध्यसागरी पर्वतरांग या हॉट स्पॉटवरून सरकून गेली. त्यानंतर तो भारताच्या भूपट्टाखाली न राहता आफ्रिकेच्या भूपट्टाखाली आला, आणि आफ्रिकेचा भूपट्ट मंदगतीचा. नकाशातली ती तुटक जागा याच घटनेची खूण आहे. खोल प्रावरणातून वर येणारा उष्ण स्तंभ हाच सगळ्याचा उगम असे मानणाऱ्यांविरुद्ध काही शास्त्रज्ञ अजूनही लढतात, पण ही वयांची उतरंड त्यांनाही समजावून सांगावीच लागते.

आता बेटाकडे वळू. आम्हाला तेथे आठ दिवस राहण्याचा योग आला होता. विमानातून उतरलो तेव्हा पहिली गोष्ट नजरेत भरली ती समुद्रकाठच्या काळ्या दगडाची. हरिहरेश्वरच्या खडकावर उभे आहोत असेच वाटावे. पण हातात घेतल्यावर फरक कळतो. त्या दगडात ऑलिव्हिन या खनिजाचे हिरवट, काचेसारखे स्फटिक खच्चून भरलेले असतात; आपल्या घाटातल्या दगडात ते इतके क्वचितच दिसतात.

बेट लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे २,५१२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या छोट्या जिल्ह्याएवढे. पण उंची पाहा. पितों दे नेज हे शिखर ३,०७० मीटर उंच आहे, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय समुद्राचा तळ आणखी ४,००० मीटर खाली. सारा डोंगर तळापासून मोजला तर सात किलोमीटर भरतो, आणि आपण ज्याला बेट म्हणतो ते त्याचे केवळ टोक. पितों दे नेज हा जुना ज्वालामुखी हजारो वर्षे शांत आहे. त्याच्या आग्नेयेला २,६३२ मीटर उंचीचा पितों द ला फुर्नेझ, म्हणजे 'भट्टीचा डोंगर', आहे. तो मात्र जगातल्या अत्यंत जागृत ज्वालामुखींपैकी एक. सतराव्या शतकापासून त्याच्या दीडशेहून अधिक उद्रेकांची नोंद आहे.

आम्ही पहाटे निघून बेलकोंब नावाच्या खिंडीच्या काठावर पोचलो. खाली घोड्याच्या नालेच्या आकाराचे, आठ किलोमीटर रुंद असे खोलगट मैदान पसरले होते. पूर्वेची बाजू समुद्राकडे उघडी. मैदानाच्या मध्यभागी भट्टीचा डोंगर, आणि पायथ्याशी वारुळाएवढा दिसणारा एक तांबूस शंकू. हा शंकू १७५३ च्या उद्रेकात तयार झाला. भोवती दोरखंडासारखा पीळ पडलेला लाव्हा. असाच पीळ आपल्याकडेही काही ठिकाणी दिसतो, फक्त आपला ६.६ कोटी वर्षांचा आणि तेथला परवाचा. दहा वाजेपर्यंत ढग वर चढले आणि डोंगर दिसेनासा झाला. तेथील लोक म्हणतात, ज्वालामुखी बघायचा तर कोंबड्याच्या आधी उठा.

हा ज्वालामुखी धडाडून फुटणारा नव्हे. त्याचा लाव्हा पातळ; तो बहुधा त्या खोलगटातच वाहतो आणि तेथे वस्ती नाही. म्हणून बेटावरचे लोक त्याला फारसे भीत नाहीत. पण १९७७ साली लाव्हा खोलगटाच्या बाहेर फुटला आणि पितों सेंत-रोझ या गावातली घरे गिळत समुद्राकडे गेला. चर्चला मात्र त्याने वेढा घातला आणि तो दाराशी थिजला. गावाने तो चमत्कार मानला, सरकारने दोन वर्षांनी तेथे ज्वालामुखी वेधशाळा उभारली. पुढे एप्रिल २००७ मध्ये इतका लाव्हा बाहेर पडला की, शिखरावरच्या डोलोम्यू विवराचा तळ ३०० मीटरहून अधिक खचला.

आगीपेक्षा पाण्याचे काम तेथे अधिक मोठे आहे. आग्नेयेकडून येणारे वारे या डोंगरांवर आदळतात; पूर्व किनारा कोकणासारखा चिंब आणि पश्चिम किनारा देशासारखा कोरडा. त्यातच चक्रीवादळे. ७ आणि ८ जानेवारी १९६६ ला फोक-फोक या ठिकाणी चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि शहर बुडाले, त्याच्या जवळजवळ दुप्पट. जानेवारी १९८० मध्ये कोमेर्सों विवरापाशी पंधरा दिवसांत ६,०८३ मिलिमीटर झाला, म्हणजे महाबळेश्वरचा वर्षाचा पाऊस एका पंधरवड्यात. अशा पावसाने पितों दे नेजच्या अंगावर तीन प्रचंड कढया खोदल्या आहेत: सालाझी, सिलाओस आणि माफात. भोवती हजार-हजार मीटरचे उभे कडे. सिलाओसला जाणारा रस्ता चारशे वळणांचा म्हणून ओळखला जातो. माफातला तर आजही रस्ताच नाही. तेथे काही शेकडो माणसे राहतात. ती पायी जातात आणि सामान हेलिकॉप्टरने येते. ही शिखरे, कढया आणि कडे २०१० साली जागतिक वारशाच्या यादीत गेले.

माफातमध्ये माणूस मुळात गेला कशाला? येथून इतिहास सुरू होतो.

या बेटावर मूळचे रहिवासी कोणी नव्हते. पोर्तुगीज नावाडी येऊन गेले, फ्रेंचांनी सतराव्या शतकात बेटावर हक्क सांगून १६४९ मध्ये त्याला बूर्बों हे राजघराण्याचे नाव दिले, आणि १६६५ पासून कायमची वस्ती झाली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९३ मध्ये, राजाचे नाव नको म्हणून रियुनियन. मग बोनापार्ट, मग पुन्हा बूर्बों, आणि १८४८ पासून कायमचे रियुनियन. वस्तीबरोबर जहाजातले उंदीर, मांजरे आणि डुकरेही उतरली. बेटावरची राक्षसी कासवे ताज्या मांसासाठी जहाजे भरभरून नेली गेली आणि संपली. शेजारच्या मॉरिशसवर डोडो संपला, येथे 'एकांडा' नावाचा एक पांढुरका पक्षी. कित्येक वर्षे पुस्तकांत तो 'पांढरा डोडो' म्हणून छापला जात होता. हाडे सापडल्यावर कळले की, तो डोडो नव्हताच, शराटीसारखा आयबिस होता.

ज्वालामुखीकडे शास्त्रीय नजरेने पाहणारा पहिल्या काही माणसांपैकी एक म्हणजे फिलिबेर कोमेर्सों. बूगँव्हील यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेतला हा वनस्पतिशास्त्रज्ञ. आपल्या दारातल्या बोगनवेलीचे नाव त्याच सफरीतून आले. त्याची मदतनीस जान बारे पुरुषवेशात जहाजावर चढली होती आणि पृथ्वीला वळसा घालणारी पहिली स्त्री ठरली, पण ती गोष्ट पुन्हा केव्हातरी. १७७१ साली कोमेर्सों भट्टीचा डोंगर पाहायला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर पंधरा-सोळा वर्षांचा एक स्थानिक मुलगा होता, जाँ-बातिस्त लिस्ले जोफ्र्वा. वडील फ्रेंच अभियंता, आई नियामा ही पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली स्त्री. त्या काळच्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचे होई. नियामाला मुलाच्या जन्माच्या वेळी मुक्त केले गेले, म्हणून १७५५ मध्ये मुलगा स्वतंत्र जन्मला. पुढे त्याने वडिलांकडून गणित आणि नकाशाशास्त्र शिकून या बेटांचे उत्तम नकाशे काढले आणि १७८६ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला आपला पत्रप्रतिनिधी नेमले. आफ्रिकी वंशाच्या माणसाला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर १८०१ मध्ये बोरी द सँ-व्हँसाँ हा तेवीस वर्षांचा तरुण निसर्गशास्त्रज्ञ येथे येऊन ज्वालामुखीचे सविस्तर वर्णन करून गेला.

नियामाचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले. १७१५ पासून बेटावर येमेनची कॉफी लावली गेली, पुढे ऊस आला, आणि दोन्हींसाठी मादागास्कर आणि आफ्रिकेतून गुलाम आणले जाऊ लागले. जे पळाले ते डोंगरातल्या त्या कढयांत शिरले. माफात हे अशाच एका पळालेल्या टोळीप्रमुखाचे नाव. सिलाओस या नावाचा मालागासी अर्थ 'जेथून कोणी हलत नाही अशी जागा' असा सांगतात. पळालेल्यांना मारण्यासाठी शिकाऱ्यांच्या टोळ्या पाठवल्या जात. प्रवासी जेथे आज छायाचित्रे काढतात त्या कड्यांवरून माणसे जीव घेऊन उतरली होती. ज्वालामुखीने बेट घडवले, पावसाने दऱ्या खोदल्या, आणि त्या दऱ्यांनी काही माणसांना लपवले. भूगोल आणि इतिहास हे आपल्या वेळापत्रकात वेगळे तास असतात. माफातच्या काठावर उभे राहिल्यावर ते वेगळे ठेवणे कठीण जाते.

आता व्हॅनिलाच्या फुलाकडे येऊ. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोची ऑर्किड वेल. १८१९ च्या सुमारास ती या बेटावर आणली. वेल जोमाने वाढली, फुले आली, शेंगा मात्र धरेनात. कारण फुलाच्या रचनेत आहे. परागकोश आणि कुक्षी एकाच फुलात, अगदी जवळजवळ असतात, पण त्यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. मेक्सिकोत तेथील मधमाश्या हे काम करतात असे मानले जाते. रियुनियनवर त्या नव्हत्या. फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, म्हणजे वेळही थोडा. बेल्जियमच्या लिएज शहरात शार्ल मोरेन याने १८३६ मध्ये काचगृहात हाताने परागीकरण करून शेंगा मिळवल्या होत्या, पण ती पद्धत शेतात चालण्याजोगी नव्हती.

सेंत-सुझान गावात फेरेओल बेलिए-बोमों या मळेवाल्याकडे एडमंड नावाचा एक गुलाम मुलगा होता. जन्म १८२९. आई बाळंतपणातच गेली. ती गुलाम, म्हणून मुलगा गुलाम. आडनाव नाही, कारण गुलामाला आडनाव नसे. मालकाला बागेचा नाद; तो मुलाला बरोबर घेऊन हिंडे आणि झाडांची नावे सांगे. काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या एका वेलीत नरफूल आणि मादीफूल वेगळे असते, तेव्हा नराचे पराग मादीला कसे लावायचे, हे त्याने एडमंडला दाखवले होते. परसात भोपळ्याचा वेल लावणाऱ्या आपल्याकडच्या आजीबाईही हे करतात.

१८४१ मधला एक दिवस. मालक मुलाला घेऊन बागेत फिरत असता व्हॅनिलाच्या वेलीवर त्याला एक शेंग दिसली. इतक्या वर्षांत कधी न धरलेली. एडमंड म्हणाला की, हे मी केले. मालकाचा विश्वास बसला नाही. काही दिवसांनी दुसरी शेंग दिसली, तेव्हा त्याने मुलाला करून दाखवायला सांगितले. एडमंडने फूल डाव्या हातात धरले, पाकळी चिरली, बांबूच्या बारीक काडीने तो मधला पडदा वर उचलला आणि अंगठ्याने परागाचा गोळा कुक्षीवर दाबला. झाले. काही सेकंदांचे काम. मुलाचे वय बारा वर्षे.

शिक्षकांनी येथे क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. या मुलाने केले काय? भोपळ्यात नर आणि मादी वेगवेगळ्या फुलांत असतात हे त्याला शिकवलेले होते. व्हॅनिलात ते एकाच फुलात आहेत आणि अडचण अंतराची नसून पडद्याची आहे, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. ते त्याने फूल उकलून, पाहून ओळखले. शाळेत तो कधी गेला नाही, लिहिता-वाचता येत नव्हते. निरीक्षण, तुलना आणि प्रयोग यांचा याहून स्वच्छ नमुना आम्ही प्रयोगशाळेतही फारसा पाहिलेला नाही.

बेलिए-बोमोंने ही कृती लपवली नाही. एडमंडला मळ्यामळ्यांतून पाठवून इतर गुलामांना ती शिकवायला लावली. अर्थात मळेवाल्यांचा फायदा झाला. शेंग वेलीवर पिकायला नऊ महिने, मग गरम पाण्यात बुडवणे, घाम आणवणे, महिनोन् महिने वाळवणे. हे सर्व शिकून घेऊन १८९८ पर्यंत बेट वर्षाला २०० टन व्हॅनिला निर्यात करू लागले आणि मेक्सिकोला मागे टाकले. 'बूर्बों व्हॅनिला' हे नाव आजही बाजारात चालते.

एडमंडचे काय झाले? २० डिसेंबर १८४८ ला बेटावर गुलामगिरी संपल्याची घोषणा झाली आणि साठ हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली. प्रत्येकाला आडनाव दिले गेले. एडमंडला मिळाले आल्बियुस, लॅटिनमधल्या 'पांढरा' या शब्दावरून. व्हॅनिलाच्या फुलाच्या रंगावरून म्हणा, की काळ्या मुलाची थट्टा म्हणून म्हणा. तो शहरात स्वयंपाकघरात काम करू लागला, चोरीच्या प्रकरणात सापडला आणि त्याला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. याच माणसामुळे बेटाला नवा व्यवसाय मिळाला आहे, असे गव्हर्नरला कळवण्यात आले आणि शिक्षा कमी झाली. बक्षीस मात्र कधी मिळाले नाही.

दरम्यान श्रेयाचाही वाद उभा राहिला. राजधानीतल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख रिशार यांनी सांगितले की, ही पद्धत आपणच पूर्वी मळेवाल्यांना दाखवली होती आणि मुलाने ती पाहिली असावी. बेलिए-बोमोंने पत्रे लिहून हा दावा खोडून काढला. रिशार यांनी दाखवली असती तर सारे बेट इतकी वर्षे शेंगांविना का राहिले, असा त्याचा साधा मुद्दा होता. आम्हाला तो बिनतोड वाटतो. एक जुना मालक आपल्या माजी गुलामासाठी असा भांडतो, हे विसरू नये. आणि तोच मालक १८४८ पर्यंत त्याचा मालक राहिला होता, हेही. एडमंड आल्बियुस १८८० मध्ये सेंत-सुझान येथे दारिद्र्यात मरण पावला. लिस्ले जोफ्र्वा आणि एडमंड यांच्या जन्मात चौऱ्याहत्तर वर्षांचे अंतर, बेट तेच. पहिला अकादमीत पोचला आणि दुसरा तुरुंगात. दोघांच्या बुद्धीत फरक होता असे मानायला आम्हाला आधार दिसत नाही. पाळण्यात असताना एकाची आई मुक्त होती, दुसऱ्याची गुलाम होती आणि मेलेली होती.

गुलाम सुटल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. ते भारतातून, विशेषतः तमिळ मुलखातून, करारावर नेले गेले. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने ही भरती थांबवली, तोपर्यंत तेथे एक मोठा समाज तयार झाला होता. रियुनियनच्या जेवणात भात, डाळ आणि 'कारी' असते, हळदीला तेथे 'बेटाचे केशर' म्हणतात आणि लोणच्याला 'आशार'. शेजारच्या मॉरिशसवर ब्रिटिशांनी जे मजूर नेले त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांमुळे तेथे गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. म्हणजे दख्खनच्या बेसाल्टवरून निघालेली माणसे त्याच हॉट स्पॉटच्या दुसऱ्या बेसाल्टवर जाऊन ऊस तोडत होती. त्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

कसारा घाटातल्या त्या मुलीच्या शाळेत आम्ही रियुनियनचा एक दगड पाठवला. त्याच्यासोबत घाटातला एक तुकडा ठेवून दोन्ही वजनकाट्यावर तोला, भिंगाखाली पाहा, लोहचुंबक दोऱ्याला बांधून जवळ न्या, असे लिहून दिले. व्हॅनिलाची एक शेंगही पाठवली. तिच्या बाईंचे उत्तर आले की, दगड प्रयोगशाळेच्या कपाटात आहे आणि शेंग मुलांनी वास घेऊन घेऊन संपवली. कर्नाटकात आणि केरळात आता व्हॅनिलाचे मळे आहेत. फुलांच्या हंगामात तेथे बायका सकाळी सकाळी वेलींमधून फिरतात, डाव्या हातात फूल धरतात, काडीने पडदा उचलतात आणि अंगठ्याने दाबतात. दुपारच्या आत सगळी फुले झाली पाहिजेत.